फुटलेली तिसरी पाटी

मेल ब्रुक्स या अमेरिकी विनोदी लेखक-दिग्दर्शकाचा ‘हिस्टरी ऑफ द वर्ल्ड, पार्ट वन’ हा चित्रपट १९८१ साली आला. आदिमानवापासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत मानवजातीच्या इतिहासाची यथेच्छ टिंगल, असं त्याचं एका ओळीत वर्णन करता येईल. त्या साली मी आठवी-नववीच्या वर्गांना इतिहास शिकवत होते, आणि आपल्या विषयाची कुणी सातासमुद्रापार अशी टर उडवतोय याची आम्हा शिक्षकांना गंधवार्ताही नव्हती. मला तो पाहायला मिळाला अगदी अलीकडे, अमेरिकेत शिकणारा नातू सुटीवर आला तेव्हा.

नातलग मंडळीही ही अनुदिनी वाचतात म्हणून आधीच सांगून टाकते, चित्रपट सोवळा नाही. त्यातले निम्मे विनोद मला इथे लिहिता येणार नाहीत, आणि उरलेल्यांतले काही लिहिताना शब्द जपून वापरावे लागतील. बाळगोपाळांना घेऊन पाहायला बसू नका. पण मोठ्यांनी जरूर पाहा.

सुरुवात मोझेसपासून करते. सिनाय पर्वतावर देवाचा आवाज येतो, आणि मोझेस लोकांना देवाच्या आज्ञा सांगायला बाहेर येतात. हातात तीन दगडी पाट्या, प्रत्येकीवर पाच-पाच आज्ञा. देवाने तुम्हाला पंधरा आज्ञा दिल्या आहेत, असं जाहीर करता करताच एक पाटी हातातून सटकते आणि खाली पडून तिचे तुकडे होतात. मोझेस क्षणभर पाहतात आणि लगेच सावरून आकडा बदलतात. दहा! दहा आज्ञा! एवढाच प्रसंग. एक मिनिटाचासुद्धा नसेल. मी आणि नातू पोट धरून हसलो. मग बराच वेळ आम्ही त्या हरवलेल्या पाच आज्ञा कोणत्या असतील यावर डोकं चालवलं. ‘वडीलधाऱ्यांनी फोनवर ओरडून बोलू नये’ ही त्यातली एक असावी असं त्याचं मत पडलं.

पण हसून झाल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. इतिहासाबद्दल याहून खरी गोष्ट मी वर्गात तीस वर्षांत एकदाही इतक्या थोडक्यात सांगू शकले नाही. उरलेल्या पाट्यांवर जे लिहिलंय त्यालाच आपण इतिहास म्हणतो. जी फुटली तिची आठवणसुद्धा राहत नाही. याच्याकडे पुन्हा येते.

आधी ब्रुक्स यांच्याविषयी थोडं. त्यांचा जन्म २८ जून १९२६ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. मूळ आडनाव कामिन्स्की. घर ज्यू आणि गरीब. दोन वर्षांचे असताना वडील वारले, आईने चार मुलगे एकटीने वाढवले. दुसऱ्या महायुद्धात हे गृहस्थ अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअर तुकडीतून युरोपात गेले. भूसुरुंग शोधून निकामी करायचं काम त्यांच्या तुकडीकडे होतं. परत आल्यावर त्यांनी दूरचित्रवाणीसाठी विनोदी लेखन केलं आणि पुढे ‘द प्रोड्यूसर्स’ नावाचा पहिला चित्रपट काढला. हिटलरवर संगीत नाटक काढून मुद्दाम आपटायचं आणि गुंतवणूकदारांचे पैसे खिशात घालायचे, असा बेत करणाऱ्या दोन भामट्यांची ती गोष्ट. महायुद्ध संपून जेमतेम बावीस-तेवीस वर्षं झाली होती. त्या पटकथेला ऑस्कर मिळालं.

थोडक्यात, ज्याच्या लोकांना संपवायचा घाट घातला गेला होता, तो माणूस त्या कसायाला विदूषकाचे कपडे घालून रंगमंचावर आणत होता. इतिहासावरचा हा चित्रपट त्याच माणसाचा आहे, हे लक्षात ठेवून तो पाहायला हवा.

चित्रपटाच्या नावातही गंमत आहे. सर वॉल्टर रॅले हा इंग्लंडचा दर्यावर्दी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना त्याने ‘हिस्टरी ऑफ द वर्ल्ड’ लिहायला घेतला. १६१४ मध्ये पहिला खंड निघाला. दुसरा निघालाच नाही, आणि १६१८ मध्ये रॅलेचं मुंडकं उडवण्यात आलं. जगाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याचा हा असा शेवट! ब्रुक्स यांनीही ‘पार्ट वन’ म्हणून ठेवलं आणि शेवटी ‘आगामी आकर्षण’ म्हणून बर्फावर नाचणारा हिटलर आणि अंतराळातले ज्यू दाखवले. दुसरा भाग काढायचा तेव्हा काहीच इरादा नव्हता, तोही विनोदच होता. तरीही बेचाळीस वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, आठ भागांची मालिका म्हणून ‘पार्ट टू’ आलीच, आणि तिला निवेदन होतं शहाण्णव वर्षांच्या ब्रुक्स यांचं!

पहिल्या भागाला निवेदनाचा आवाज ऑर्सन वेल्सचा आहे. आमच्या काळी चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा, त्यातला तो धीरगंभीर सूर आठवून पाहा. त्या सुरात अत्यंत वाह्यात गोष्टी सांगितल्या जातात. अश्मयुगात पहिला चित्रकार जन्माला येतो, भिंतीवर चित्र काढतो, आणि पाठोपाठ पहिला समीक्षकही जन्माला येतो. तो समीक्षक त्या चित्राचं काय करतो ते मी लिहीत नाही. ज्यांची पुस्तकं छापून आली आहेत त्यांना अंदाज येईल.

मग येतं रोम. तिथे नीरो बादशहाच्या काळात ब्रुक्स ‘उभ्या उभ्या तत्त्वज्ञान सांगणारा’ बेकार कलावंत झाले आहेत, आणि बेकारभत्त्यासाठी खिडकीसमोर रांगेत उभे आहेत. याच भागात येशूच्या शेवटच्या भोजनाचा प्रसंग आहे. ब्रुक्स तिथे वाढपी असतात. तेवढ्यात तिथे चक्क लिओनार्दो दा विंची येतो, सगळ्यांचं एकत्र चित्र काढायला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलात तर निम्म्यांच्या पाठीच दिसतील, म्हणून तो सगळ्यांना एका बाजूला बसवतो. ‘द लास्ट सपर’ हे चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल, खरंच सगळे एकाच बाजूला बसलेत. ते चित्र पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मिलानमध्ये रंगवलं गेलं, म्हणजे त्या भोजनानंतर जवळजवळ साडेचौदाशे वर्षांनी. आणि आज तो प्रसंग म्हटला की जगाच्या डोळ्यांसमोर तेच टेबल येतं.

इथे मला या चित्रपटाची मेख कळली. ब्रुक्स टिंगल करतात ती आपल्या डोक्यात बसलेल्या इतिहासाच्या चित्रांची. त्यांचा मोझेस सेसिल डी मिलच्या १९५६ सालच्या ‘टेन कमांडमेंट्स’मधला आहे, आदिमानव १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’तले आहेत आणि रोम हॉलिवूडचं आहे. आपल्याकडचे विद्यार्थी तरी वेगळं काय करतात? उत्तरपत्रिकेत तानाजीची घोरपड दोर लावून गडावर चढतेच चढते, मग वर्गात बाईंनी काही का शिकवलेलं असेना! आपल्या पु. लं.नी ‘मराठी वाङ्मयाचा गाळीव इतिहास’ लिहिला तोही याच जातीचा. मूळ ग्रंथांचा तो पंडिती थाट ओळखीचा असल्याशिवाय त्याची मजा पुरती कळत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या भागात ब्रुक्स सोळावा लुई झाले आहेत. हा लुई येता-जाता बायकांच्या मागे लागतो, गोरगरिबांना हवेत उडवून त्यांच्यावर नेमबाजीचा सराव करतो, आणि प्रत्येक अत्याचारानंतर कॅमेऱ्याकडे वळून राजा असण्यात काय मजा आहे ते सांगतो. बागेत राजाला लघुशंकेसाठी बादली धरणारा एक पोरगा असतो. तो हुबेहूब राजासारखा दिसतो, म्हणून त्याला राजाच्या जागी बसवण्यात येतं. बादलीचा विनोद ओंगळ खरा, पण पदरचा म्हणाल तर तेवढाही नाही. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारात राजाच्या शौचाची व्यवस्था पाहणारा खास मानकरी असे, आणि ते पद मोठ्या प्रतिष्ठेचं समजलं जाई.

इतिहासाची बाई म्हणून एक चूक मात्र दाखवते. खरा सोळावा लुई असा नव्हताच. तो बुजरा होता, शिकार आणि कुलपं बनवणं हे त्याचे छंद, आणि त्याला कोणी रखेली असल्याची नोंद नाही. चित्रपटातला लुई त्याच्या आजोबांना, पंधराव्या लुईला, जास्त शोभला असता. आजोबांच्या विलासाचं आणि कर्जाचं बिल नातवाच्या गळ्यात पडलं. २१ जानेवारी १७९३ रोजी गिलोटिनखाली मान गेली ती नातवाची. चित्रपटात मात्र बादलीवाला पोरगा वाचतो. कसा? तर रोमच्या भागातला पांढरा घोडा सतराशे वर्षं ओलांडून ऐन वेळी पॅरिसात दाखल होतो. घोड्याचं नाव ‘मिरॅकल’!

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. रोम आणि फ्रान्स यांच्या मध्ये ‘स्पॅनिश इन्क्विझिशन’ आहे. तो संपूर्ण भाग म्हणजे एक नाचगाणं आहे. तळघरात छळाची यंत्रं, साखळदंडांत ज्यू लोक, आणि ब्रुक्स स्वतः तोर्केमादा. तोर्केमादा म्हणजे १४८३ मध्ये नेमला गेलेला स्पेनचा मुख्य इन्क्विझिटर, ज्याच्या नावाने माणसं चळचळा कापत. इथे तो जिन्यावरून घसरत येतो, गातो, पायांचा ठेका धरतो. कैद्यांना जुगाराच्या यंत्रातल्या चित्रांसारखं गरगरा फिरवलं जातं. धर्म बदला म्हटलं तरी कुणी बदलत नाही. मग जोगिणी येतात, झगे उतरवून पोहण्याच्या कपड्यांत पाण्यात उड्या घेतात, आणि अखेर पाण्यातून एक अवाढव्य दीपवृक्ष वर येतो. तो असतो मेनोरा, ज्यूंचा धार्मिक दिवा. म्हणजे तोर्केमादाच्याच तळघरात शेवटी ज्यूंचा दिवा लागतो.

मी हसले. खूप हसले. आणि मग गप्प झाले.

कारण माझं माहेर गोव्याकडचं. आमचं कुलदैवत शांतादुर्गा. तिचं मूळ ठिकाण साष्टीतलं केळोशी, आताचं ठिकाण फोंड्याजवळचं कवळे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी देवीला उचलून जुवारीपलीकडे नेलं. मंगेशालाही असंच कुठ्ठाळीहून प्रियोळला नेलं. पलीकडे तेव्हा आदिलशहाचा अंमल होता. माझी आजी ही हकीकत सांगायची तेव्हा आवाज खाली आणायची, जणू पोर्तुगीज शिपाई अजून दाराबाहेर उभा आहे. तिच्या सांगण्यात विनोदाला जागा नव्हती.

नातवाने विचारलं, “आजी, हे खरंच झालं होतं?” त्याला स्पेनचं विचारायचं होतं. १४७८ मध्ये इन्क्विझिशन स्थापन झालं आणि १४९२ मध्ये ज्यूंना स्पेनमधून हाकललं, एवढं मी सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, जी चित्रपटात नाही. इन्क्विझिशनचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्यांवर चालायचा. ज्यू राहिलेल्याला देशाबाहेर काढत. भीतीने ख्रिस्ती झालेल्याला मात्र, तू घरात चोरून जुनंच पाळतोस, म्हणून पकडत.

मग मी त्याला गार्सिया द ओर्ता यांची गोष्ट सांगितली. त्यांचे आईवडील स्पेनमधून पोर्तुगालात पळून आलेले ज्यू होते, तिथे त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावं लागलं. मुलगा वैद्य झाला, १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यात आलं होतं. वैद्यराज १५६८ मध्ये बिछान्यावर वारले म्हणून सुटले. त्यांच्या बहिणीला, कातारीनाला, पुढच्या वर्षी जिवंत जाळण्यात आलं. आणि १५८० मध्ये वैद्यराजांची हाडं थडग्यातून उकरून तीही जाळली.

नातू ऐकत राहिला. तो लहानपणी दोनदा कवळ्याला जाऊन आलाय, पण देवी मूळची तिथली नाही हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं का, कोण जाणे. पोहणाऱ्या जोगिणी पाहिल्यावर त्याने आपण होऊन विचारलं.

गोव्याचं इन्क्विझिशन मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. जुन्या गोव्यातली त्याची इमारत आज शिल्लक नाही, बहुतेक दफ्तरही नष्ट झालं. जे हाती लागलं त्यावरून अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला. बाकीची पाटी फुटली. किती जणांना घरादारातून उचललं आणि त्यांतले कोण कोण परत आले, याचं पुरतं उत्तर आता मिळणार नाही. फुटलेल्या पाटीवरचा तो विनोद मला त्या रात्री पुन्हा आठवला, पण हसू आलं नाही.

मग प्रश्न असा की, यावर हसावं का? ब्रुक्स यांचं स्वतःचं म्हणणं ते वर्षानुवर्षं सांगत आलेत. हुकूमशहाशी भाषणबाजीत सामना करायला जाल तर तोच जिंकतो, त्याला हास्यास्पद केलं की तो खाली येतो. पण त्यांनाही कुठेतरी रेघ ओढावी लागली. १९९७ मध्ये ‘लाइफ इज ब्युटिफुल’ हा इटालियन चित्रपट आला, छळछावणीतल्या बापलेकांचा, हसवता हसवता रडवणारा. जगाने डोक्यावर घेतला. ब्रुक्स यांनी मात्र त्याच्यावर जाहीर टीका केली. छळछावणीत विनोदाला जागा नाही असं त्यांचं म्हणणं. मग तोर्केमादाच्या तळघरात ती कुठून आली? पाचशे वर्षं गेली म्हणून? मेलेल्यांना शतकांचा हिशेब काय! कातारीना जळताना तिला जे झालं असेल ते पाचशे वर्षांनी कमी होत नाही.

मी बरेच दिवस यावर विचार केला. मला जे वाटलं ते सांगते, आणि ते खास आमच्या कुटुंबातल्या मंडळींसाठी आहे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गोव्याच्या इन्क्विझिशनची माहिती अधूनमधून फिरते. ती बरीचशी खरी असते. पण तिच्याखाली जी शेरेबाजी होते ती आजच्या गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांना उद्देशून असते. ज्यांच्या हातची पेज खाऊन आमच्यातले काही जण लहानाचे मोठे झाले, त्यांच्या नातवंडांना उद्देशून! आणि इतिहास काय सांगतो? इन्क्विझिशनची चौकशी मुख्यतः बाटवलेल्यांची झाली. घरात तुळस ठेवली, लग्नात जुने विधी केले, एवढ्यावरून पकडली गेली ती आजच्या गोवेकर ख्रिस्ती घरांच्या पूर्वजांतली माणसं. आमचे पूर्वज नदी ओलांडून गेले. हे मागे राहिले आणि त्यांनी सोसलं. ज्याने मार खाल्ला त्याच्याच पणतवंडावर आपण डोळे वटारतो आहोत.

ब्रुक्स यांचं गाणं पाहून झाल्यावर माझ्या मनात कुठल्याही पाद्र्याबद्दल राग उरला नाही. उरला तो लाल कपड्यांत नाचणारा एक फुगलेला माणूस, आणि त्याचा धाक पार निघून गेलेला. आजीच्या खाली आणलेल्या आवाजात जी भीती होती तिचंच पुढच्या पिढ्यांत कुठेतरी विखार होतं, असं मला वाटू लागलंय. हसण्यामुळे त्यातली भीती निघते, आणि गोष्ट मात्र राहते. अट एकच. गोष्ट ठाऊक हवी. कातारीना ठाऊक नसताना त्या गाण्यावर हसणं वेगळं, आणि ठाऊक असून हसणं वेगळं. पहिल्यात नुसता पोरखेळ आहे. दुसऱ्यात ज्यू माणूस पाचशे वर्षांनी तोर्केमादाला वाकुल्या दाखवून सांगतो, तू गेलास, आम्ही आहोत.

हल्ली आपल्याकडे इतिहास म्हटला की भावना चटकन दुखावतात. असा चित्रपट मराठीत निघेल, असं मला माझ्या हयातीत तरी दिसत नाही. निघाला तर कोणाचं तरी कार्यालय फुटेल. असो.

नातू परत गेला. जाताना म्हणाला, पुढच्या खेपेस केळोशीला जाऊ, देवीचं मूळ ठिकाण पाहू. गुडघे साथ देत असतील तर मी जाणार आहे. चुलत-मावस भावंडांपैकी कुणाला यायचं असेल तर कळवा, आणि मी वर गटाबद्दल जे लिहिलंय ते पटत नसेल तर तेही कळवा. मात्र खाली प्रतिक्रियेतच लिहा, फोन करून ओरडू नका. ती पंधरा आज्ञांतली एक आहे, नातवाला विचारा हवं तर!